नळीवरचं नाव

मंगल आणि मी मिळून केलेलं घरातलं शेवटचं काम म्हणजे फ्रीज धुणं. ती प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली, पोट फुगून मांडीवर आलेलं, पायावर सूज. हात माझे चालू होते, तोंड तिचं. आमच्या घरातली बहुतेक कामं अशीच झाली.

फ्रीज बंद करून दार उघडं ठेवायचं, बर्फ आपला आपण वितळू द्यायचा, सुरी लावायची नाही, ही तिची लॅबमधली शिस्त. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दवाखान्यात न्यायचं होतं, पोटातलं पाणी काढायला. याआधीही नेलं होतं. पाणी काढलं की थोडे दिवस तिला बरं वाटायचं. म्हणून मी म्हणलं, “राहू दे गं फ्रीजचं. परत आल्यावर बघू.”

“परत आल्यावरचं तुम्हाला कुणी लिहून दिलंय का?” ती म्हणली. “काढा सगळं भाईर.”

तूप निघालं, ठेचा निघाला, कारळाची चटणी, विरजणाचं भांडं. प्रत्येकावर कागदी चिकटपट्टी आणि पट्टीवर निळ्या पेननं नाव, तारीख. विरजणावर तारीख लिहिणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. पट्टी नसलेली वस्तू आमच्या घरात टिकायची नाही. वाटीत झाकून ठेवलेली चांगली भाजी असली तरी ती उचलून बाहेर. “नाव नाही ते फेकायचं,” हे मी सगळा संसारभर ऐकलं.

तर त्या दिवशी एक स्टीलचा डबा निघाला. मुंग्या लागतात म्हणून पिठीसाखर ती फ्रीजमध्ये ठेवायची, तो डबा. पट्टीवर ‘पिठीसाखर’ आणि आत मीठ. तिच्या आजारपणात आमची लेक स्नेहल येऊन स्वयंपाकाचं बघायची, तिनं घाईत भरलं असणार. मी बोट लावून चाखलं आणि डबा मंगलला दाखवला. वाटलं, आता लेकीचा उद्धार होणार. पण तिनं डबा हातात घेतला, पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणली, “नाव नसलं तर फेकायचं. पण नाव चुकीचं असलं तर काय करायचं हो?”

“काय करायचं म्हणजे? पट्टी काढायची, खरं नाव लिहायचं. मीठ कुणी फेकतं का?” असं म्हणून मी फडकं पिळायला मोरीत गेलो.

त्यानंतर ती जे बोलली ते शेवटी सांगतो. आधी बाई कोण होती ते सांगावं लागंल, नाहीतर त्या बोलण्याचं वजन कुणाला कळायचं नाही.

मंगल पैठणची. बारावी झालेली, तीही सायन्स घेऊन. मी पिशोरचा, चौथीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. आधी ट्रॅक्टर, मग ट्रक, मग चितेगावच्या एका कंपनीची गाडी. तिच्या बापानं शिकलेली पोर मला का दिली हे मला कधीच कळलं नाही. तिला विचारलं तर म्हणायची, “गाडी चालवणारा माणूस निदान रस्ता तरी बघतो.”

स्नेहल शाळेत जायला लागली तशी तिनं रक्त-लघवी तपासायचा कोर्स केला आणि शहरातल्या एका लॅबमध्ये लागली. लॅब एका डॉक्टर बाईंची, त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे. पुढं मॅडमनी जनुकं तपासायचं मशीन आणलं आणि मंगलला ते शिकायला पुण्याला पाठवलं. गेली तेव्हा साधी बाई होती. परत आली ती कपाळाला आठी घेऊनच आली.

ते मशीन काय करतं हे तिनं मला एकदा नीट सांगितलं होतं. “माणूस कसा बांधायचा त्याची कृती असते अंगात. एक आईकडून येती, एक बापाकडून. अक्षरं एवढी बारीक की दिसत नायत. मग आपल्याला पाहिजे तेवढाच तुकडा धरायचा. मशीन त्याला गरम करतं, गार करतं, पुन्हा गरम, पुन्हा गार. दर येळी एकाचे दोन व्हतात, दोनाचे चार. लई झाले की वाचता येतं, कुठं अक्षर चुकलंय ते.”

“म्हंजी झेरॉक्स,” मी म्हणलं.

“व्हय, झेरॉक्सच. पण ह्या झेरॉक्सचे कागद हवंत उडतात आन दिसत नायत. एकाचा तुकडा उडून दुसऱ्याच्या नळीत पडला की त्याचा रोग ह्याच्या नावावर. समजा तुम्हाला काय झालेलं नाय आन मी लिहून दिलं झालंय म्हणून. काय करशाल?”

या उडणाऱ्या तुकड्यांच्या भीतीनं ती जगली. लॅबमध्ये तीन खोल्या. पहिलीत औषधं मिसळायची, दुसरीत रक्तातून काढलेला माल नळीत टाकायचा, तिसरीत मशीन चालायचं. पहिलीतून तिसरीकडं जायचं, तिसरीतून पहिलीकडं यायचं नाही. आलंच पाहिजे तर दुसऱ्या दिवशी, आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून. हा कायदा लॅबचा, पण तिनं तो घरी आणला. जेवून हात धुतले की पुन्हा स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. माझा चष्मा कितीदा तरी रात्रभर पोळपाटाशेजारी पडून राहिला. मी दारात उभा राहून म्हणायचो, “दे की हात लांब करून.” ती म्हणायची, “उद्या. उलटं यायचं नाय.”

चितेगावची कंपनी बंद पडल्यावर तिनंच मॅडमना सांगून मला लॅबच्या गाडीवर घेतलं. गावोगावच्या दवाखान्यांतून रक्ताचे नमुने बर्फाच्या डब्यातून आणायचे, एवढंच काम. पहिल्या दिवशी मला पिशोरला पाठवलं. माझंच गाव, ऐटीत गेलो, चार ओळखीच्यांना रामराम घातला, डबा डिकीत स्टेपनीशेजारी ठेवला आणि आलो. त्या वेळचा कन्नड-पिशोरचा खड्ड्यांचा रस्ता ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सांगायला नको.

मंगलनं झाकण उघडलं, एक नळी उजेडात धरली. “डबा कुठं ठेवला व्हता?”

“डिकीत.”

“तुमच्या आईला डिकीत बसवून आणली असती का?”

मी इकडंतिकडं बघितलं. रुबीना नावाची तिच्या हाताखालची टेक्निशियन तोंडाला ओढणी लावून हसत होती. “ताई, भाईजान को घर जाके डांटो ना,” ती म्हणली.

“घरी नवरा हाय, इथं डायवर हाय,” मंगल म्हणली. “पुन्हा जा पिशोरला. ज्या बाईचं रक्त घुसळून आणलंय तिला सांगा, माझ्यामुळं पुन्हा सुई टोचून घ्यावी लागतीय. तोंडानं सांगा, मग रक्त घ्या.”

गेलो. सांगितलं. ती बाई पदराआड हसली आणि तिच्या सासूनं मला चहा पाजला. तेव्हापासून डबा माझ्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. गाडी नसली आणि रिक्षानं जायचं झालं तर मांडीवर, उभा, झाकणावर हात. “ते रक्त नाय, माणसं हायत डब्यात,” ती म्हणायची. “बसवून आणा.”

तिच्या तोंडात एक वाक्य कायम असायचं, “पाणी बोललं का?” नवीन माणसाला वाटायचं बाई येडी आहे. त्याचं असं होतं, की रोजच्या नळ्यांमध्ये एक नळी नुसत्या पाण्याची लावायची. तिच्यात कुणाचंच रक्त नाही, म्हणून मशीननं तिच्यात काही दाखवायला नको. पाणी गप राहिलं तर बाकीच्या नळ्या खऱ्या. पाणी बोललं, म्हणजे पाण्यातही रोग दिसला, तर कुठंतरी तुकडा उडालाय आणि त्या खेपेच्या सगळ्या नळ्यांवरचा विश्वास गेला. सगळं पुन्हा करायचं. घरीसुद्धा मी कुठून उशिरा आलो आणि काही बोललो नाही की ती स्नेहलला म्हणायची, “बघ गं, पाणी गप हाय ना?”

कोरोनात त्या पाण्याचा खरा इंगा दिसला. लॅबबाहेर माणसांची रांग, आत ह्या बायका पांढऱ्या पोशाखात घामानं निथळणाऱ्या. अशात एक दिवस पाणी बोललं. त्या खेपेत एका पुढाऱ्याच्या घरच्यांचे नमुने होते आणि त्याचा माणूस बाहेर खुर्ची टाकून बसला होता. मंगल दाराशी आली आणि म्हणली, “आजचे रिपोर्ट मिळणार नायत. पाणी बोललंय.”

“पाणी?” तो म्हणला. “बाई, साहेबाला काय सांगू मी, पाणी बोललं?”

“व्हय, तसंच सांगा. आन उद्या या.”

तो वर मोठ्या मॅडमकडं गेला, आवाज चढवला. मॅडमनी त्याला एवढंच सांगितलं, की मंगल नाही म्हणली तर माझंही नाहीच आहे. मग सगळ्यांनी मिळून शोधलं, तुकडा आला कुठून. टेबलं पुसली, औषधं बदलली. आणि मंगलच्याच लक्षात आलं. तिसऱ्या खोलीतलं पेन तिच्या कानावर राहिलं होतं आणि तसंच पहिल्या खोलीत आलं होतं. कुणी बघितलं नव्हतं. गप बसली असती तर कुणाला कळलं नसतं. तिनं सगळ्यांना बोलावून सांगितलं, “पेन माझं व्हतं.”

मॅडम म्हणल्या, “मंगल, होतं असं कामाच्या धबडग्यात.”

“व्हत नसतं मॅडम. माणूस करतं.”

दुसऱ्या दिवशी तिन्ही खोल्यांत पेन दोरीनं बांधलेली. आमच्या घरातही कॅलेंडरजवळ एक पेन दोरीला लटकलं. अजून लटकतंय.

आता माझ्या चुलतभावाचं सांगतो. काशिनाथ, पिशोरलाच असतो. त्याच्या नातवाला थॅलेसेमिया निघाला, म्हणजे पोराच्या अंगात रक्तच धड बनत नाही, सारखं वरून चढवावं लागतं. एक दिवस काशिनाथ घरी आला, चहा पिला आणि शर्टाच्या खिशातून एक नळी काढली. गावातल्या कंपाउंडरकडून सुनेचं रक्त काढून आणलं होतं, तिला अशक्तपणाची तपासणी सांगून.

“वहिनी, एवढं गुपचूप बघून द्या,” तो म्हणला. “खोट तिच्यातच हाय. एकदा कागद हातात आला की तिच्या बापाला दाखवतो. आमच्या घराण्यात असलं काय नाय.”

मंगलनं नळी हातात घेतली. “भावजी, हे दुखणं एका खोटीनं व्हत नाय. आईकडून एक यावी लागती, बापाकडून एक. पोराला झालंय म्हंजी तुमच्या मुलात पण हाय. आन मुलात कुठून आली? तुमच्यातून नायतर तुमच्या बायकोतून.”

काशिनाथचा चहा बशीत थांबला.

“दुसरं, हे रक्त तिला विचारून आणलं का?”

“तिला काय विचारायचं? घरचीच हाय.”

“घर तुमचं असंल, रक्त तिचं हाय. ती हो म्हणली तर बघीन.” आणि तिनं त्याच्यादेखत ती नळी उघडून फिनेलच्या पाण्यात ओतून टाकली.

“लई शिकल्या वहिनी तुम्ही.”

“व्हय, तुमच्या भावाच्या पगारावर.”

काशिनाथ उठून गेला आणि वर्षभर बोलला नाही. पण मुलगा आणि सून आपल्या पायानं लॅबमध्ये आले. मंगलनं दोघांना शेजारी शेजारी बसवून सांगितलं, कुणाची चूक नाही, दोघांची सारखीच गोष्ट आहे. दोघांत खोट निघाली. पुढच्या खेपेला सून गरोदर राहिली तेव्हा ते दोघं वेळेवर आले, पोटातल्या बाळाचं तपासलं, बाळ चांगलं निघालं. त्या वर्षी काशिनाथ भुईमुगाच्या शेंगांचं पोतं टाकून गेला, घरात न येता. मंगलनं पोत्यावर पट्टी लावली. शेंगा, तारीख आणि ‘भावजी’.

अशी करडी बाई. आणि इथंच मला तिचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावतो.

लॅबमध्ये पाण्याबरोबर आणखी एक नळी लागते. ज्याच्या रक्तात खोट नाही हे पक्कं माहीत आहे अशा माणसाची. मशीननं तिला चांगलं म्हणलं की मशीन शुद्धीवर आहे असं समजायचं. थॅलेसेमियाचं काम सुरू झालं तेव्हा असं रक्त हवं होतं. मंगलनं बाही वर केली. तपासलं, चांगलं निघालं. तिनंच नळीवर लिहिलं, ‘नॉर्मल’. नावगाव काही नाही, एवढाच शब्द. तो माल उणे वीसच्या फ्रीजरमध्ये जपून ठेवला आणि वर्षानुवर्षं तिच्या रक्ताशी ताडून दुसऱ्यांची रक्तं बघितली गेली. संपत आलं की ती पुन्हा द्यायची.

त्यावर लॅबमध्ये चेष्टा चालायची. रुबीना म्हणायची, “ताई, पूरे मराठवाडे में एक आपीच नॉर्मल हो, बाकी सब चेक करना है.” घरी भांडण झालं की मंगल मला म्हणायची, “माझ्याशी वाद घालू नका. मी नॉर्मल हाय, लॅबनं लिहून दिलंय. तुमचं अजून बघायचं हाय.” मी हसायचो.

आता तिच्या माहेरचं. तिची आई पोट फुगून गेली. पैठणला तेव्हा लोक म्हणले, पोटात पाणी झालं. मावशीच्या छातीत गाठ निघाली, तीही गेली. लॅबमध्ये छातीच्या, पोटाच्या कॅन्सरच्या बायकांचे नमुने यायचे, ते मोठ्या तपासणीसाठी पुण्याला पाठवायचे. त्या प्रत्येक बाईला मंगल विचारायची, “आईला व्हतं का? मावशीला? बहिणीला?” हो म्हणली की तिच्या लेकींना बोलावून घ्यायची, समजावायची. कितीतरी पोरींना तिनं असं वेळेवर सावध केलं. मॅडम एकदा म्हणल्या, “मंगल, तुझ्या आईचं तू सांगतेस तसं असेल तर तुझंही एकदा बघू या.”

“माझं काय बघायचं मॅडम? मी नॉर्मल हाय.” सगळे हसले. मॅडमही हसल्या.

तिला कळत नव्हतं असं कसं म्हणू? मी चौथी शिकलेला, मला आता कळतंय. तिच्या रक्तात थॅलेसेमियाचं एक पान वाचलं होतं, ते चांगलं होतं. बाकीचं पुस्तक कुणी उघडलंच नव्हतं. पण रोज फ्रीजर उघडायचा, रोज आपल्याच अक्षरातला तो शब्द वाचायचा. दुसऱ्याच्या नळीवर असं अर्धवट नाव कुणी लिहिलं असतं तर तिनं त्याला उभा सोलला असता. आपल्या नळीचं तिला ते खरंच वाटायला लागलं. ज्या बाईनं कानावरचं पेन पकडलं तिला हे पकडता आलं नाही.

पोट जड झालं तेव्हा गॅस म्हणली. ओव्याचं पाणी पिली, उभ्यानं काम केलं, रिटायर झाल्यावरही मॅडमनी बोलावलं की जायची. मग एक दिवस परकराची नाडी पुरेना. सोनोग्राफीत दिसलं, अंडाशयाचा कॅन्सर, पसरलेला. केमो झाली, केस गेले. तिनं आरशावर फडकं टाकलं आणि म्हणली, “हा पण धुवायला काढू.”

डॉक्टरांनी जनुकाची तपासणी सांगितली. ती नाही म्हणली. स्नेहलनं मागं लागून लागून विचारलं. स्नेहल वाळूजला कंपनीत आहे, तिलाही एक लहान मुलगी. तिला भीती होती ती अशी, की ही खोट आईकडून आपल्यात आली असंल, तर आपल्यालाही आजीसारखं, आईसारखं होणार आणि दिसंल तेव्हा उशीर झालेला असणार. आधी कळलं तर काही करता येतं. पण नियम असा, की आधी आईत बघायचं, कुठलं अक्षर चुकलंय ते धरायचं, मग तेच लेकीत शोधायचं. आईचं माहीत नसेल तर लेकीच्या चांगल्या रिपोर्टवरही डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. हे सगळं लेकीला शिकवलेलं मंगलनंच.

“आई, तू हो म्हण,” स्नेहल म्हणायची.

“आन निघालं तर? सासरी काय सांगशील?”

“सासरचं मी बघीन.”

“माझा रिपोर्ट माझ्या एकटीचा नसतो, स्नेहल. तो तुझ्या गळ्यात पडतो, तुझ्या पोरीच्या गळ्यात पडतो. माझ्याकडून तुला हेच द्यायचं का?”

“दिलं असशील तर आधीच दिलंय आई. मला फक्त बघायचंय.”

मंगल भिंतीकडं तोंड करून निजायची. एकदा स्नेहल रागानं म्हणली, “तुझं रक्त तुझ्या लॅबमध्ये पडलंय. मी मॅडमना सांगितलं तर त्या नाही म्हणतील का?” मग तीच खाली बसली. “नाय सांगणार. तू काशिनाथ काकाच्या सुनेचं तिला न विचारता बघितलं नाहीस, मी तुझं बघणार नाय. पण विचारत राहणार.” मॅडमचंही तेच होतं, की मंगल हो म्हणल्याशिवाय त्या नळीला हात लागणार नाही. तिच्याच नियमानं लेकीची वाट अडवली होती, आणि दिवस थोडे होते.

आता पुन्हा फ्रीजकडं येतो. मी फडकं पिळून आलो तेव्हा मंगल त्या मिठाच्या डब्यावरची पट्टी नखानं सोलत होती.

“माझी नळी असंल ना अजून तिथं?” ती म्हणली.

“असंल की.”

“तिच्यावरची पट्टी बदलायला सांगा.”

मला पटकन उमगलं नाही. “कसली पट्टी?”

“नॉर्मल लिहिलंय तिच्यावर. ते चुकीचं हाय. माझं नाव लिहा म्हणावं, आन पाठवा म्हणावं तपासायला.”

मी बर्फाच्या पाण्यावर फडकं टाकलं. मग म्हणलं, “उद्या दवाखान्यात जातोयच, ताजं रक्तच दे की.”

“शिरा कुठं राहिल्यात? आन आता अंगात दोघा-तिघांचं रक्त चढवलंय. माझं निव्वळ रक्त हाय ते त्या फ्रीजरमध्येच.” सोललेली पट्टी चुरगाळत म्हणली, “स्नेहलला आज सांगू नका. आधी नाव बदलू द्या.”

मग तिनं कॅलेंडरजवळचं पेन दोरीसकट ओढून आणायला लावलं, नव्या पट्टीवर ‘मीठ’ लिहिलं, तारीख घातली. अक्षर वाकडं आलं. मी फ्रीज पुसला, दार सुकायला उघडं ठेवलं. तिनं अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहल आणि मी तिला वॉर्डात घेऊन गेलो. वॉर्डातल्या आयाबाईंनी चाकाच्या खुर्चीत बसवलं. मी म्हणलं, “तू आत जा, मी लॅबमध्ये जाऊन येतो.”

तिनं खुर्ची थांबवायला लावली. “इथून थेट जाऊ नका. घरी जा, आंघोळ करा, कपडे बदला. दवाखान्यातनं लॅबमध्ये उलटं यायचं नाय.”

“बरं.”

“आन डोक्यावरून पाणी घ्या. नुसतं हातपाय धुऊन जाशाल.”

मग खुर्ची आत गेली. तिनं मागं वळून पाहिलं नाही, नुसता हात हलवला, निघा म्हणून. त्यानंतर तिला ताप भरला, शुद्ध गेली, आणि दोन दिवसांत त्याच वॉर्डात तिनं जीव सोडला. म्हणजे माझ्याशी तिचं शेवटचं बोलणं आंघोळीचं झालं.

पुढचंही सांगून टाकतो. मंगलच्या नळीत खोट निघाली. स्नेहलमध्येही तीच निघाली. स्नेहलनं डॉक्टरांना विचारून, नवऱ्याला शेजारी बसवून, वेळेत ऑपरेशन करून घेतलं. आता बरी आहे, रविवारी येते, माझ्या फ्रीजमधल्या पट्ट्या बघते. मंगलनं हे स्वतःचं आधी बघितलं असतं तर तीही खुर्चीत बसून बोलत असती. हे मी कुणालाही सांगतो, ऐकणाऱ्याला कसंही वाटो.

पण त्या सकाळी यातलं काही माहीत नव्हतं. मी घरी आलो. फ्रीजचं दार तसंच उघडं होतं, आत कोरडं. डोक्यावरून आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि लॅबमध्ये जाऊन पहिल्या खोलीच्या दाराबाहेर उभा राहिलो. डायवरनं आत जायचं नसतं. मॅडमना सांगितलं. त्या तशाच पर्स उचलून वॉर्डात गेल्या. स्नेहलला बाहेर थांबवून मंगलच्या तोंडून ऐकून, तिची सही घेऊन आल्या, तोवर मी बाकड्यावर बसून होतो.

मग रुबीनानं फ्रीजरमधून नळी काढली. बर्फात ठेवून काचेपाशी आणली, मला दिसावी म्हणून. जुनी पट्टी सोलली. तिनं नवीन लिहिली, मंगलचं पूर्ण नाव, माझ्या नावासकट. लिहून झाल्यावर पट्टी माझ्याकडं वळवली. “बराबर है ना, भाईजान?” मी मान हलवली.

नमुना पुण्याला जायचा होता, कुरिअरचं ऑफिस बस स्टँडजवळ. लॅबमधलं पोरगं घेऊन जाईल, मॅडम म्हणल्या. मी म्हणलं, मी नेतो. दाराशी येऊन स्नेहलला फोन लावला. “आईनं हो म्हणलंय,” एवढंच सांगितलं. मी फोन खिशात ठेवला आणि रिक्षाला हात केला.

“चाचा, डब्बा पीछे रख दो,” रिक्षावाला म्हणला. “आरामसे बैठो.”

“नको,” मी म्हणलं. “घरचं माणूस हाय.”

त्यानं आरशातून माझ्याकडं बघितलं. मी डबा मांडीवर घेतला, उभा, झाकणावर हात ठेवून. पुढं गतिरोधक आला तेव्हा त्यानं रिक्षा अगदी हळू केली.